पहिल्या पानावर अव्वा

कोल्हापूर, ९ मे २००४

संगमेश अण्णा,

शरणार्थ.

तू फोन उचलत नाहीस आणि मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागदावर लिहायला घेतलंय. पत्र तुझ्या ऑफिसात येईल. नव्या घराचा पत्ता तू मला कळवलेला नाहीस, आणि तो अव्वाकडून मागून घ्यायची मला हौस नाही.

माझ्या स्टुडिओतला कॉम्प्युटर गेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डीपीत काहीतरी जळालं. लाइट गेली आणि परत आली ती असल्या दाबानं, की ओळीतल्या सगळ्या दुकानांचे पंखे, ट्यूब, झेरॉक्सचं मशीन, सगळं एका दमात खलास झालं. हार्ड डिस्क घेऊन मी पुण्याला गेले. तिथल्या माणसानं ती कानाशी धरून हलवली, मान हलवली आणि माझ्या हातात परत दिली.

तरी मी घाबरले नव्हते. म्हटलं, मोठ्या फाइली गेल्या तर गेल्या, वेबसाइटवर सगळे फोटो आहेत. शेजारच्या केरबाचा नेट कॅफे तुला ठाऊक आहे, पूर्वी त्याचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं तिथंच. त्याच्याकडं जाऊन पत्ता टाकला तर पान पांढरं. केरबानं स्वतः दोनदा टाकून बघितला. वर वेबसाइटचं ‘हातचं काम’ हे नावसुद्धा नाही. एकही फोटो नाही.

रोलच्या काळातल्या निगेटिव्ह माझ्याकडं आहेत. पण तू अमेरिकेहून डिजिटल कॅमेरा आणून दिलास त्यानंतरचं माझं सगळं खरं काम त्या हार्ड डिस्कवर होतं. कबनूरच्या मागावरच्या बाया, मुडशिंगीच्या गोठ्यातली बाळाबाई, चपलांच्या वेण्या घालणारी आक्का, आणि आपली स्वतःची आई, अव्वा. कामाला लागलेल्या बाईचा चेहरा कसा असतो ते लोकांना दिसावं म्हणून मी गावोगाव फिरले, आणि ते जगाला दिसावं म्हणून तू वेबसाइट करून दिलीस. दोघांचं होतं ते.

गडहिंग्लजचं दुकान विकून अव्वाला बंगळूरला न्यायचं तू म्हणालास, मी तिच्या बाजूनं बोलले, आणि तिथून आपलं बोलणं तुटलं. ते राहू दे तिथंच. मला एवढंच कळव, सर्व्हरवर काय झालं आणि तुझ्याकडं फोटो आहेत का.

पवित्रा


कोल्हापूर, २० जून २००४

अण्णा,

तुझा तीन ओळींचा मेल मिळाला. सर्व्हरची कंपनी बुडाली, डेटा गेला, आता काही होणार नाही. लग्नं आणि पासपोर्टचे फोटो काढ, त्यात पोट भरतं.

पोट भरतंच आहे. पोटाची तक्रार मी कधी केली होती?

मी वेबसाइट परत उभी करणार आहे. तू करून दे म्हणत नाही. केरबा मला पानं बांधायला शिकवतोय. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी त्याच्याकडं जाऊन बसते. परवा सगळी अक्षरं उलटीपालटी दिसायला लागली, का तर बघणाऱ्याच्या मशीनमध्ये आपला मराठी फाँट नसतो. त्यावर त्यानं उपाय काढला, नावं लिहून त्यांचंच चित्र करून टाकायचं. चित्र सगळीकडं दिसतं.

आणि फोटो कुठून आणणार, असं तू विचारशील. तुला माझा नियम माहीत आहे, फोटो काढला की एक प्रिंट त्या बाईच्या हातात नेऊन द्यायची. त्या प्रिंट कुठं जळाल्या नाहीत. मागून आणायच्या, स्कॅन करायच्या आणि परत पोचवायच्या.

पहिल्यांदा मुडशिंगीला गेले. बाळाबाईनं तिची प्रिंट गोठ्यात गव्हाणीच्या वर ठोकली होती. मी म्हटलं, अगं, घरात तरी लावायचीस. तर म्हणाली, “म्हशीला बी कळाय पायजे की, धार कोण काढतंय ते.” एका कोपऱ्याला म्हशीनं चाटून रंग घालवलाय आणि सगळी प्रिंट धुरानं पिवळी पडलीय. आहे तशी स्कॅन केली.

मग कबनूरला. शालूबाई मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरते, दिवसभर तिच्या हातातनं सूत पळत असतं. तिच्या नवऱ्याला बायकोचा चेहरा कॉम्प्युटरवर गेलेला आवडला नव्हता. तिनं प्रिंटच्या चार घड्या घालून ट्रंकेत लुगड्याखाली ठेवली होती. घडीची पांढरी रेघ बरोबर नाकावरून गेलीय. केरबा म्हणाला, रेघ काढून टाकतो, कळणारसुद्धा नाही. मी नको म्हटलं.

सगळ्याच देत नाहीत. एकीनं दारातनंच सांगितलं, एकदा गेलं ते बरं झालं. मी चहा न घेता परत आले. पण निघाल्या आहेत त्या माझ्या कामाला पुरेशा आहेत.

अव्वाकडं अजून गेले नाही. वेबसाइट गेल्याचं तिला सांगितलेलं नाही. ती शेजारणीला सांगत असते, माझा फोटू अमेरिकेत दिसतोय म्हणून.

पवित्रा


कोल्हापूर, २२ ऑगस्ट २००४

अण्णा,

कंपनी बुडालेली नाही.

वेबसाइटला जुनंच नाव मिळतं का बघावं म्हणून केरबानं त्या कंपनीला मेल टाकला. बुडालेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. हे खातं मालकाच्या सांगण्यावरून मार्चमध्ये बंद केलं, सगळ्या फाइली मालकाच्या सांगण्यावरून काढून टाकल्या. मालक म्हणजे तू. कारण नाव तुझं, पासवर्ड तुझा.

केरबानं ते मला वाचून दाखवलं आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिला. भला माणूस आहे.

म्हणजे माझा कॉम्प्युटर जळायच्या आधीच तू ते संपवलं होतंस. माझी हार्ड डिस्क शाबूत असती तर मी एका आठवड्यात सगळं परत चढवलं असतं, आणि तू पुन्हा काढलं असतंस का? नाहीतर माझं नशीब तुझ्या कामाला आलं असं म्हणायचं?

काल शालूबाईची प्रिंट परत द्यायला गेले होते. तिला खरं सांगितलं. खोटं सांगायला मला कारण नव्हतं. मागांच्या खडखडाटात तिला नीट ऐकू जात नव्हतं म्हणून मी दोनदा सांगितलं. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, “तुझ्या भावानं काढलं म्हंतीस. मग त्येला इचारलं न्हाईस का, आमची तोंडं त्येला एवढी वंगाळ दिसली काय?”

तिच्या वतीनं विचारते. उत्तर तिला द्यायचं आहे, मला नाही.

वेबसाइटचं काम थांबलेलं नाही. नवं नाव मी घेतलंय, माझ्या नावावर.

पवित्रा


कोल्हापूर, १७ ऑक्टोबर २००४

अण्णा,

तू फोन केलास हे बरं केलंस. पण स्टुडिओत लग्नाचा अल्बम बघायला माणसं बसली होती, त्यामुळं मला जे बोलायचं होतं ते बोलता आलं नाही. आता लिहिते.

तू म्हणालास, फेब्रुवारीत नव्या घराच्या वास्तुशांतीला ऑफिसमधली आणि वहिनीकडची माणसं आली होती, कुणीतरी कौतुकानं वेबसाइट उघडली, आणि अव्वाचा फोटो बघून एकानं विचारलं, ही हमाल बाई कुठल्या बाजारातली. तू काही बोलला नाहीस. मग वहिनीच्या चुलत्यानं ओळखलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, ही तर तुमची आई. त्यानंतर तुला त्या घरात बसवेना, म्हणालास.

मला तुझा राग आला आहे, पण धाकट्या बहिणीला मारायची ती कानडी हाक मारून तू बोललास ते वाक्य मी विसरलेली नाही. “तंगी, आई पाठीवर पोतं वाहते आणि मुलगा फ्लॅटची वास्तुशांत करतो, असं दिसतं गं त्या फोटोत.” तुला लाज वाटली आणि त्या लाजेच्या तळाशी तुला वाईटही वाटलं, हे मला कळलं. कळलं म्हणजे मान्य केलं असं नाही.

त्या फोटोत काय होतं ते मी सांगते, कारण काढला मी होता. मिरचीचा हंगाम होता. पिराजी हमाल तापानं पडला होता. शेतकऱ्याची बैलगाडी दारात उभी, सौदा झालेला. अव्वानं पदर खोचला, तोंडाला फडकं बांधलं, हमालाचा लोखंडी आकडा लावला आणि पोतं पाठीवर घेतलं. तो शेतकरी गडबडून पुढं आला तर त्याला म्हणाली, बाजूला हो, ठसका लागंल. मी क्लिक केलं. बस.

अप्पा गेल्यावर अडतीचं दुकान बंद करा म्हणून सगळे सांगत होते. बाईमाणूस गादीवर बसून मिरचीचा लिलाव कसा बोलणार? ती बसली. तिच्या दुकानावर तुझं इंजिनिअरिंग झालं आणि माझा स्टुडिओ झाला. तू तिला बंगळूरला ये म्हणालास ते प्रेमानं म्हणालास, हे मी कधी नाकारलं नाही. तिला यायचं नव्हतं. यात लाजण्यासारखं कुणीच काही केलेलं नाही. लाजण्यासारखं तू केलंस ते मार्चमध्ये. तुला तिचा एक फोटो नको होता, तर एक काढायचास. तू बाळाबाई, शालूबाई, आक्का, सगळ्यांना पुसलंस. का, तर एकच गेला असता तर मी विचारलं असतं.

अव्वाला मी अजून सांगितलेलं नाही. तुझ्यासाठी नव्हे.

पवित्रा


कोल्हापूर, १२ जानेवारी २००५

अण्णा,

तुझी सीडी पोचली. बरोबर चिठ्ठी नव्हती, चालेल. म्हणजे काढून टाकायच्या आधी तू सगळं उतरवून ठेवलं होतंस. मी केरबाच्या मशीनवर एकेक फोटो उघडत गेले, आणि खरं सांगते, शालूबाईचा चेहरा घडीच्या रेघेशिवाय दिसला तेव्हा मला बरं वाटलं.

शेवटपर्यंत बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून. सगळे आहेत, अव्वाचा नाही.

तो तू कुठं ठेवलास, पुसलास की काय केलंस, ते मी विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गडहिंग्लजला गेले.

अव्वा दुकानात बसली होती. बाहेर मिरचीचे ढीग, आत येणारा प्रत्येक माणूस शिंकतोय, ती मात्र शांत. गर्दी ओसरेपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, अव्वा, तो पोत्याचा फोटो मी तुला दिलेला, तो दे, कामाला पाहिजे. ती म्हणाली, “माझ्याकडं कुठला? संगू वास्तुशांतीआदी दिवाळीला आलता तवा त्येला दिला की. नव्या घरात लाव म्हणून.”

अण्णा, हे मला माहीत नव्हतं. तू फोनवर हे बोलला नाहीस.

मला पुढं लपवता आलं नाही. मी सगळं सांगितलं. वास्तुशांत, पाहुण्याचा प्रश्न, मार्च महिना, सीडी. ती समोरच्या ढिगातली एक मिरची उचलून तिचं देठ मोडत राहिली. सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, फोटोत पोतं दिसत होतं ना? मी हो म्हटलं.

“मिरचीचं पोतं म्हणावं त्येला. दिसाय मोठं, वजनाला काय न्हाय. गव्हाचं असतं तर गोष्ट येगळी.”

हे बोलून ती उठली, जेवायला चल म्हणाली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं नाही. आवक दारात येऊन उभी, पिराजी हमाल दोनदा येऊन विचारून गेला, ती आत लिंगपूजा करून पाट तसाच ठेवून बसून राहिली. अप्पांचं कार्य झाल्यावरसुद्धा तिनं असं केलं नव्हतं. मी कोल्हापूरला परत यायला निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. एसटीत बसल्यावर मला वाटलं, आपण हे काय करून बसलो. तुझ्यावरचा राग काढायला मी तिला दुखवलं का?

पण काल तिचा स्टुडिओत फोन आला. आवाज नेहमीचा, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा. म्हणाली, “रविवारी कॅमेरा घिऊन ये. पिराजीला सुट्टी दिल्या.”

मी जाणार आहे.

पवित्रा


कोल्हापूर, ६ मार्च २००५

अण्णा,

वेबसाइट सुरू झाली. पत्ता पाकिटाच्या मागं लिहिला आहे. तो तू स्वतः शोधून आधीच बघितला आहेस हे मला आता कळलंय, पण क्रमानं सांगते.

त्या रविवारी मी गडहिंग्लजला पोचले तर अव्वा तयार होती. नवं इरकल नेसली नव्हती, रोजचंच लुगडं. मी म्हटलं, जसं काम असेल तसं कर, मी मध्ये येणार नाही. तर ती म्हणाली, व्हय, मी काय तुझ्यासाठी नाटक करणार न्हाय. गाडी आली, सौदा झाला, तिनं फडकं बांधलं, वाकली. आता तिला वाकायला वेळ लागतो. उठताना तिनं एक हात गुडघ्यावर ठेवला. पोतं पाठीवर घेऊन ती दारात आली आणि थांबली, आणि तोंडावरचं फडकं खाली ओढलं. पहिल्या फोटोत तिचा चेहरा अर्धा झाकलेला होता. या वेळी तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. बाजारातली माणसं उभी राहून बघत होती. कुणी हसलं नाही.

तोच फोटो पहिल्या पानावर आहे.

बाळाबाईचा मी प्रिंटवरनं स्कॅन केलेलाच ठेवलाय, म्हशीनं चाटलेल्या कोपऱ्यासकट. तिला तोच पाहिजे होता. शालूबाईला दोन्ही दाखवले, तुझ्या सीडीवरचा स्वच्छ आणि घड्यांचा. ती घड्यांचा म्हणाली. कारण सांगितलं नाही. बाकीचे बहुतेक तुझ्या सीडीवरनं घेतले. त्याबद्दल तुझे आभार मानते, एकदाच.

सुरू केली त्या दिवशी अव्वाला कोल्हापूरला आणलं. केरबानं कॅफे रिकामा करून ठेवला होता, खुर्चीवर टॉवेल घातला होता. लाइन हळू होती. फोटो वरून खाली थोडा थोडा उतरत होता, आधी दुकानाची पाटी, मग पोतं, मग तिचं कपाळ. ती मला म्हणाली, गप बस, येऊ दे. पूर्ण आल्यावर तिनं पदरानं स्क्रीन पुसला, धूळ होती म्हणून. मग विचारलं, “खाली नाव का न्हाय?”

मी म्हटलं, कुणाचंच घातलं नाही. मला वाटलं होतं, पुन्हा कुणाच्या घरात कुणाला त्रास नको. कालपर्यंत तुला तोंड वर करून बोलणारी मी, मीच नावं गाळली होती. अव्वा म्हणाली, नाव न्हाय म्हणून तर कुठली हमाल बाई म्हणून इचारत्यात. घाल. शांतव्वा रुद्रय्या, मिरचीचे अडत दुकान, गडहिंग्लज. आणि फोन नंबर बी घाल. केरबा हसायला लागला, तर त्याला म्हणाली, हसतोस काय, फुकटची जाहिरात हाय.

मग मी एकेकीकडं परत जाऊन विचारलं, नाव घालू का. बहुतेकींनी घाल म्हटलं. शालूबाईनं आधी स्वतःचं, मग आईचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं नाही.

आता फोनचं. मंगळवारी दुकानात बंगळूरहून फोन आला. अव्वाला वाटलं तू असशील. शिवांजली वहिनी होती. तिनं नंबर फोटोखालनं घेतला. तू जेवण झाल्यावर कॉम्प्युटर उघडून तेच पान बघत बसतोस, म्हणून तिनं मागं उभं राहून बघितलं. आधीची वेबसाइट तू बंद केलीस हे तिला माहीतच नव्हतं, मीच कंटाळून सोडून दिली असेन असं तिला वाटत होतं. तुझ्यात आणि माझ्यात काय झालं ते अव्वानं तिला सांगितलेलं नाही. ते तू सांग.

तिनं ते पान तिच्या वडिलांनाही दाखवलं. ज्या माणसांपुढं तुला घरात बसवेना, त्यातलेच ते एक. ते म्हणाले, मिरची गावठी, जवारी दिसते, भाव विचार. अव्वानं भाव सांगितला. पावणं म्हणून एक पैसा कमी केला नाही. त्यांनी एक पोतं सांगितलं आहे.

ते पाठवायचं कसं, यावर दोघींचं बराच वेळ बोलणं झालं. शेवटी अव्वानं ठरवलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण निरोप तुला आहे. “संगूला म्हणावं, गाडी घिऊन स्वतः ये. उचलायला माणूस शोधू नको. डिकीत मी चढवून देते.”

हंगाम या महिनाअखेरपर्यंत आहे.

पवित्रा